सव्वा मीटर हेड

गुरुवार, रात्री साडेअकरा
विश्रामबाग, सांगली

हृदयाच्या पंपात रक्त कसं वाहतं ते संगणकावर सोडवणारा सोल्व्हर अजून चालूच आहे. तोवर लिहून घेते.

कमकुवत हृदयाला जोडतात तो पंप मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त 100 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाविरुद्ध ढकलतो. म्हणजे जेमतेम सव्वा मीटर हेड, रक्त तेवढं उंच चढवण्याइतकाच जोर. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "एवढंच? मग त्यात अवघड काय गं?" म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं जतकडं चढवलेलं त्यांनी पाहिलंय. किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात सव्वा मीटर कुणाच्या खिजगणतीत असणार!

मी म्हणाले, "अण्णा, पाण्याला कितीही घुसळा, ते पाणीच राहतं. रक्त मरतं." मग ते गप्प बसून ऐकत राहिले.

आज दिवसभर इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, आणि केसिंग, म्हणजे त्याभोवतीचं कवच, यांमधली फटच बघत होते. इंपेलर हजारो फेऱ्यांनी फिरतो, केसिंग जागचं हलत नाही, आणि मधलं रक्त दोन्हीकडून ओढलं जातं. हा ताण 150 पास्कलच्या वर गेला की तांबड्या पेशी फुटतात असं धरतात. पण मला खरी काळजी 9 पास्कलची. तेवढ्यानंच रक्त थांबवणाऱ्या व्हॉन विलेब्रँड प्रथिनाची घडी उलगडते, ते तुटतं, आणि पेशंटला आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. स्क्रीनवर 9 च्या वरचा भाग लाल केला तर जवळजवळ सगळी फट लाल झाली. बघवेना.

फट वाढवली की ताण उतरतो, पण गळती वाढते आणि तेच रक्त पुन्हा पुन्हा पंपातून फिरतं. कुठं साचलं तर गुठळी. 2017 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या हार्टमेट 3 या अशाच पंपात रोटर, म्हणजे फिरणारा भाग, चुंबकावर तरंगतो, त्यामुळं फटी मोठ्या ठेवता आल्या. शिवाय दर 2 सेकंदांनी त्याचा वेग मुद्दाम खालीवर होतो, म्हणजे कोपरे धुतले जातात. हे ज्यांना सुचलं त्यांना माझा नमस्कार.

पेशी किती फुटतील याचा आकडा सॉफ्टवेअर देतं, पण त्यावर माझा भरवसा नाही. सूत्रातले स्थिरांक बदलले की उत्तर कुठल्या कुठं जातं. एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनं, एकच नमुना पंप वेगवेगळ्या गटांना सोडवायला दिला, तेव्हाही उत्तरांत मोठी तफावत आली होती. दोन डिझाइनांत उजवं कोणतं, एवढंच त्यावरून ठरवावं.

उद्या सरांपुढं तो आकडा ठेवणारच नाही. दोन्ही फटींची तुलना दाखवेन, आणि भिंतीलगतची मेश, म्हणजे हिशेबासाठी आखलेली जाळी, आणखी बारीक करायला वेळ मागून घेईन.