कष्ट नकोत म्हणे

"नोकरी सोडलीस? डोकं फिरलंय का तुझं?" चहाच्या टपरीवर काका सगळ्यांदेखत बोलले, पोरगं नुसतं हसलं.

पुण्यातली आयटीची नोकरी सोडून आलाय, आता वडिलांशेजारी बसून कोल्हापुरी चपला शिवतोय, बोटांना चिरा पडल्यात, नखांत चामड्याचा रंग. म्हणाला, "काका, २०१९ ला जीआय, म्हणजे याच भागाची वस्तू असल्याचं सरकारी मानांकन, मिळालंय आपल्या चपलेला, महाराष्ट्र-कर्नाटकातले ८ जिल्हे मिळून, पण शिवणारी पोरं कुठंयत?"

काका परत तेच, "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत."

अहो, त्याची बोटं तरी बघा की! आणि काकांच्या पायात काय, तर करकर वाजणारी कोल्हापुरीच. (चहाचे पैसेपण त्यानंच दिले, ते वेगळंच.)

मी मात्र गप्प बसलो, तेच टोचतंय कालपासनं. तुम्ही बोलला असता काय?