गळका नळ आणि पाहुणे

शरदातली सकाळ पुण्यात जेमतेम दोन-तीन तासांची. दहा वाजले की ऑक्टोबर हीट सुरू. त्याआधी मात्र गवतावर दव असतं, हवेत किंचित गारवा असतो आणि कोथरूडच्या आमच्या बागेत हास्यक्लबची मंडळी अजून यायची असतात.

पक्षी बघायला लोक पहाटे गाड्या काढून भिगवण गाठतात. गाठावंच. पण या दिवसांत काही पाहुणे चालत जायच्या अंतरावर येऊन उतरलेले असतात. लॉन, कारंजं, रंगवलेल्या कुंड्या यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. मागच्या कुंपणापाशी घाणेरी माजलीय, पाचोळ्याचा ढीग कुजतोय, एक नळ कधीपासून गळतोय. त्यांचा मुक्काम तिथे.

घाणेरीतून ‘चक्… चक्’ असा, गोटीवर गोटी आपटावी तसा आवाज येतो. तो ब्लिथचा वटवट्या. (ब्लिथ म्हणजे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणारा एडवर्ड ब्लिथ. पगार तुटपुंजा, नजर तीक्ष्ण.) रशिया-कझाकस्तानकडून आलेला, चिमणीहून लहान, मातकट. फांदी हलते, पान हलतं, तो काही दिसत नाही. पिवळाधमक हळद्या पक्षी काय, कुणालाही दिसतो. मला हा लपणाराच आवडतो. मान दुखेपर्यंत थांबल्यावर त्याची फिकट भुवई दिसली तरी पैसे वसूल.

नळापाशी करडा धोबी. पाठ राखाडी, शेपटीखाली लख्ख पिवळा. हिमालयातल्या ओढ्यांकाठी घरटी करणारा हा पक्षी पावसाळा सरता सरता आपल्याकडे येतो आणि हिवाळा अशा ओल्या जागी काढतो. डबक्यावर चिलटं घोंघावत असतात. तो दोन पावलं धावतो, थबकतो, वीतभर उडून एक चिलट टिपतो आणि उतरला की शेपटी पुन्हा वर-खाली, वर-खाली.

“बिबट्या आलाय की काय?” माझी दुर्बीण बघून रोज फेऱ्या मारणारे एक काका थांबले.

“नाही काका, धोबी.”

दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बराच वेळ बघत राहिले. “अहो, हा तर रोज माझ्या पायात येतो! पिवळा आहे होय?”

मला हुरूप आला. म्हटलं, ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला सलीम अलींचा. तो आठवडा आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. सोसायटीतल्या पोरांना इथे आणू, हा धोबी दाखवू.

काकांचा चेहरा पडला. “तोवर नळ दुरुस्त होईल हो. तक्रार मीच दिलीय. गुरुवारी प्लंबर येतोय.”

पाणी वाया जात होतं हे खरंच. मी काय बोलणार?

चार पावलं जाऊन ते वळले. “दिवाळीनंतर ये म्हणून सांगू का त्याला?”

“धोबी एप्रिलपर्यंत असतो, काका.”

“मग अवघड आहे,” म्हणाले आणि पुढच्या फेरीला लागले.