बांधकामाचा काळ

पडणाऱ्या वाड्यांची मोजमापे घेऊन आराखडे करणे हे माझे काम. बाहेरच्यांना वाटते की आम्ही नक्षीदार खांब पाहत हिंडतो. प्रत्यक्षात दिवसाचा बराचसा वेळ भिंतीची जाडी, खणांची अंतरे आणि ओळंब्याने ढळ मोजण्यात जातो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या एका वाड्याच्या जागी घरकुल उभे राहायचे होते आणि जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

तेर म्हणजे पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासग्रंथातले तगर, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची बाजारपेठ. इथे धातूची खाण नाही, परंतु गावाने पिढ्यानपिढ्या स्वतःचीच पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती, खणली आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, पांढरीचाच थर हवा. शेतालाही ती खत म्हणून चालते. त्या खोदकामात निघालेली मणी, नाणी आणि मृण्मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवली, म्हणून आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे. एका व्यापाऱ्याच्या चिकाटीने जे साधले, ते कोणत्याही योजनेने साधले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

माजघराच्या भिंतीचा गिलावा पडला होता. आत मातीच्या कच्च्या भेंड्यांखाली भाजक्या विटा दिसल्या: हातभर लांब, रुंद, चपट्या, भाजताना धान्याचा तूस जळून गेल्याने सच्छिद्र झालेल्या. तेरच्या जुन्या विटांतल्या काही तर पाण्यावर तरंगतात इतक्या हलक्या असतात. घरमालक म्हणाले, "मॅडम, आमच्या आज्यानं पांढरीतून काढून आणल्यात ह्या." वरच्या थरांपुरते ते पटण्यासारखे होते, कारण तिथल्या विटा तुटक्या होत्या आणि सांधे कसेही जुळवलेले होते. जमिनीलगतचे दोन थर मात्र अखंड विटांचे, सांधमोड पाळून, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देता, रचलेले होते, आणि त्यांची रेषा वाड्याच्या भिंतीशी जुळत नव्हती. ती किंचित तिरपी होऊन शेजारच्या घराखाली जात होती. आणून रचलेल्या विटा अशा तिरप्या जात नाहीत. माझ्या मते वाडा एका जुन्या भिंतीवर उभा होता, आणि ती भिंत जागची हललेली नव्हती.

मी संबंधित कार्यालयाला दूरध्वनी केला. हे घर संरक्षित स्मारकाच्या हद्दीत येत नाही, एवढेच उत्तर मिळाले. गावातल्या त्रिविक्रम मंदिराला हद्द आहे, आणि ते योग्यच आहे, कारण मूळच्या विटांच्या चैत्यगृहाचे, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचे, असे उभे उदाहरण दुर्मिळ आहे. पण ते ज्या नगरात बांधले गेले, ते नगर लोकांच्या माजघरांखाली आहे आणि त्याला कुणी वाली नाही.

मालकांनी स्वतःहून जेसीबी एक दिवस पुढे ढकलला. पावसाळा तोंडावर असलेल्या कुटुंबाकडून याहून अधिक मागण्याचा मला अधिकार नव्हता. गवंड्याने दोन खांबांचे खड्डे हातभर सरकवले, आणि आम्ही ते थर मोजून, चित्रे काढून, वाळूने झाकले. बाकीच्या लांबीवर आता नवा पाया आहे.

नोंदपत्रकात 'बांधकामाचा काळ' असा एकच रकाना असतो. मी त्यात वाड्याचा आणि खालच्या भिंतीचा असे दोन काळ लिहिले, तेव्हा एकच काळ लिहावा, अशा शेऱ्यासह पत्रक परत आले. त्या भिंतीचा आराखडा जोडून मी ते तसेच पुन्हा पाठवले आहे.