गिअरबॉक्सची टकटक: चार रविवारांची नोंद

पहिला रविवार

ताम्हिणी करून घरी आलो, पार्किंगमध्ये गाडी भिंतीला लावली आणि बंद करायच्या आधी काच खाली केली. तेव्हा ती पहिल्यांदा ऐकू आली. टकटकटकटक. रस्त्यावर मड टायरच्या गुणगुणीखाली किती दिवस दडून बसली होती देव जाणे.

गाडी जुनी, चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल), टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून जोर पुढे देणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ट्रान्सफर केसला (बॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीला) वेगळा लिव्हर. कंपनी सांगत नाही. नाव घेतलं की निम्मे लोक गाडीची बाजू घेतात, निम्मे शिव्या घालतात, आणि आवाज बाजूलाच राहतो.

आठवड्यात दोन गॅरेजांत दाखवली. पहिल्या मेस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "बेअरिंग गेलं साहेब, इंजिन उतरवावं लागेल." दुसरे म्हणाले, "ऑटोमॅटिक ना? मग बॉक्सच." गाडीखाली वाकलं कुणीच नाही. दोघांचे आकडे ऐकून मी गुपचूप घरी आलो आणि गाडीखाली सतरंजी अंथरली.

माझी पहिली चूक इथेच कबूल करतो. आवाज दोन होते आणि मी ते एकच धरून चाललो होतो. एनमधून (न्यूट्रल) डीमध्ये (ड्राइव्ह) टाकताना एकदाच 'ठक्' व्हायचं. टकटक वेगळी, इंजिन चालू असेपर्यंत अखंड. ठक्‌चं कारण तासाभरात सापडलं. मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, खेळ नव्हता, पण स्लिप जॉइंटच्या (पुढेमागे सरकणारा जोड) स्प्लाइन, म्हणजे दातेरी खाचा, ठणठणीत कोरड्या. पावसाळाभर ओढ्यातून गाडी घालायची आणि ग्रीस गन माळ्यावर ठेवायची, दुसरं काय होणार? ग्रीस भरलं, ठक् जवळजवळ गेलं. टकटक जशीच्या तशी.

दुसरा रविवार

गाडी उभी असतानाही टकटक येते, म्हणजे चाकं, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट सुटले. उरलं इंजिन, बॉक्स आणि दोघांच्या मधलं.

मुलीला ड्रायव्हर सीटवर बसवलं, चाकांना पुढेमागे दगड लावले, हँडब्रेक ओढला. आधी पी (पार्क). टकटक स्पष्ट. मग ब्रेक दाबून डी. आवाज बसका झाला, पण थांबला नाही. आता ट्रान्सफर केस न्यूट्रलला आणि बॉक्स पुन्हा डीला. गाडी जागच्या जागी, पण बॉक्सचा आउटपुट शाफ्ट फिरतोय. आवाज हुबेहूब पीसारखा. (हे करताना सांभाळा. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असली की पी चाकांना धरत नाही. उतारावर गाडी सरळ चालू लागते. हँडब्रेक आणि दगड दोन्ही हवेत.)

मला ही परीक्षा सगळ्यात कामाची वाटली. पीमध्ये आउटपुट शाफ्ट अडवलेला असतो, ट्रान्सफर न्यूट्रल करून डी टाकला की तो फिरतो, आणि आवाजात फरक शून्य. म्हणजे आउटपुटची बाजू निर्दोष. ब्रेक दाबून डीमध्ये कन्व्हर्टरची टर्बाइन (बॉक्सच्या बाजूचा आतला पंखा) थांबते, तिच्यामागचा इनपुट शाफ्टही थांबतो. तरी टकटक चालूच. म्हणजे दोषी वस्तू इंजिनबरोबर फिरणारी आहे: क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा), फ्लेक्स प्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी थाळी), कन्व्हर्टरचं बाहेरचं कवच, फार तर बॉक्सचा ऑइल पंप.

मग मोजणी. फोनवर आवाज रेकॉर्ड केला, कॉम्प्युटरवर एका सेकंदाचा तुकडा ताणून शिखरं मोजली. १२, कधी १३. आयडलिंग ७५० आरपीएम, म्हणजे सेकंदाला साडेबारा फेरे. फोर स्ट्रोकमध्ये एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे एकाच सिलिंडरच्या पेटण्याचा ठोका असता तर सेकंदाला सहाच भरले असते. इथे प्रत्येक फेऱ्याला एक ठोका.

खात्रीसाठी इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढले. बिग एंडचं (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) बेअरिंग गेलेलं असेल तर त्या सिलिंडरचा जोर गेल्यावर आवाज बहुधा मवाळ होतो. चारही वेळा फरक पडला नाही. (कॉमन रेलमध्ये जुन्या पद्धतीने पाइप ढिले करून बघू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, ती धार कातडीत घुसते.) लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावला: ऑइल चेंबरवर पुसट, बेल हाउसिंगवर (इंजिन आणि बॉक्सच्या मधलं, कन्व्हर्टरवरचं कवच) कानात खिळा ठोकल्यासारखा.

एटीएफ (ऑटोमॅटिक बॉक्सचं तेल) गरम असताना, इंजिन चालू ठेवून पाहिलं. पातळी बरोबर, रंग लाल, जळका वास नाही.

तिसरा रविवार

बॅटरीची निगेटिव्ह काढली. बेल हाउसिंगच्या खालचं झाकण उघडलं. तिथून कन्व्हर्टर फ्लेक्स प्लेटला धरणाऱ्या बोल्टांपैकी एका वेळी एकच दिसतो. क्रँक पुलीला पाना लावून मी फिरवायचं, मुलीने टॉर्च धरून ओरडायचं, "बाबा, थांबा, आला!"

सहांपैकी पहिले दोन घट्ट. तिसरा पाना टेकवताच फिरला. चौथा बोटांनी निघाला, अक्षरशः चिमटीत. पाचवा ढिला. सहावा ठीक. दोन वर्षांपूर्वी क्रँकच्या मागच्या सीलची गळती काढायला बॉक्स उतरवला होता. एकाही बोल्टच्या आट्यांवर थ्रेड लॉकचा (बोल्ट ढिला पडू नये म्हणून लावायचा गोंद) ठिपका नव्हता. तेव्हा मी शेजारच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो, म्हणून फार बोलत नाही.

थ्रेड लॉक लावून, टॉर्क रेंचने सहाही आवळले. चालू केली. शांत! मुलीने टाळी दिली. मी संध्याकाळी मित्रांना फोन करून शेखी मिरवली.

सोमवारी सकाळी थंड इंजिनवर परत आली. अगदी बारीक, टिकटिक म्हणावी इतकी.

रात्री त्याच खिडकीतून एंडोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) सरकवला. फ्लेक्स प्लेटच्या मधोमध, क्रँकच्या बोल्टांच्या कड्याला लागून, विटेच्या पुडीसारखी तांबूस रेघ. पोलादाच्या दोन कडा एकमेकींवर सतत घासल्या की अशी पूड पडते. म्हणजे तडा. बोल्ट ढिले पडल्यावर प्लेट दोन वर्षं वाकत राहिली असणार. किंवा तडा आधी गेला आणि त्याने बोल्ट हलवले. कोंबडी आधी की अंडं, ते आता कळणार नाही.

चौथा रविवार

बॉक्स खाली. दोन मित्र, भाड्याचा ट्रान्समिशन जॅक, सात तास. ट्रान्सफर केस आधी वेगळी काढली, हा शहाणपणा जमला. कन्व्हर्टर बॉक्सपासून सुटू नये म्हणून पट्टी लावून बांधला, नाहीतर तो पुढे घसरतो आणि तेलाची अंघोळ होते.

प्लेट शोधायला शनिवारी नाना पेठ पालथी घातली होती. एका दुकानात "तीच आहे हो, घ्या" म्हणत मॅन्युअलचं फ्लायव्हील पुढे केलं. ते हातात घेतल्यावरच कळतं: फ्लायव्हील जड, ठोकळा, फ्लेक्स प्लेट म्हणजे जाडसर पत्र्याची थाळी, कडेला स्टार्टरची दातेरी रिंग. शेवटी पार्ट नंबर देऊन ऑर्डर केली. दहा दिवस लागतील.

जुनी प्लेट काढून मुलीच्या बोटावर टांगली आणि पान्याने हलकी टिचकी मारली. आई माठ घेताना वाजवून बघायची तसंच. धड प्लेट छान खणखणते. ही बद्द वाजली. पुसून पाहिली तर तडा क्रँकच्या आठपैकी पाच बोल्टांच्या भोवती फिरलेला.

नवी आली की बसवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण गेलाय हे आधी बघायचं आहे. बॉक्स इंजिनला चिकटल्यावर कन्व्हर्टर आणि प्लेटच्या मध्ये थोडी फट हवी, तो हाताने पुढे ओढून प्लेटला टेकवता यायला हवा. फटच नसेल आणि तसेच बोल्ट आवळले तर पंपाचा चुरा होतो. ज्या भोकांत बोल्ट ढिले होते तिथले आटेही टॅप घालून तपासायचे आहेत. तिसऱ्यात बोल्ट जरा डुलतो, तो मला आवडलेला नाही.

तोवर बेल हाउसिंगच्या तोंडाला बायकोची जुनी ओढणी बांधून ठेवली आहे. सोसायटीच्या मांजरीने काल आत डोकं घातलं होतं.