अपडेटनंतर मोबाईल डेटा बंद पडला आणि मला विनाकारण सिम बदलायला लावलं

कुणी सांगितलं म्हणून लगेच सिम बदलू नका. आधी ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये टाकून बघा. मला हे त्या मंगळवारी कुणी सांगितलं असतं तर दोन दिवस आणि अकरा व्हिजिट वाचल्या असत्या, म्हणून सगळ्यात आधी तेच लिहितोय.

मी नाशिकमध्ये एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो. सकाळी सहाला सिडकोतून गाडी काढायची, आधी इंदिरानगर, मग गंगापूर रोड, कधी पार पंचवटी. पेशंटचं नाव, तपासण्या, ट्यूबवरचा बारकोड, पैसे, सगळं लॅबच्या ॲपवर. नेट नसेल तर पेशंटच्या दारात उभा राहूनही माझी व्हिजिट लागत नाही, आणि मला पैसे व्हिजिटवर मिळतात.

सोमवारी रात्री फोनने अपडेट मागितलं. चार्जिंगला लावला, घरच्या वायफायवर अपडेट टाकलं आणि झोपलो. पहाटे उठून पाहिलं तर व्हॉट्सॲप चालू, ॲपवर दिवसाची यादी आलेली. सगळं ठीक वाटलं, कारण वायफाय होतं. अपडेट झालं की घरातून निघायच्या आधी एकदा वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावर काहीतरी उघडून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मला कळलं ते इंदिरानगरला, पहिल्याच घरी. उपाशीपोटीची शुगर होती. आजी रात्रीपासून काही न खाता बाही वर सारून बसलेल्या आणि माझ्या फोनवर नुसतं चक्र फिरतंय. वर फोरजी दिसतंय, दांड्या पूर्ण भरलेल्या. लॅबला फोन लावला तर पहिल्या रिंगला उचलला. शेवटी आजींच्या मुलाने त्यांच्या वायफायचा पासवर्ड दिला तेव्हा ट्यूब स्कॅन झाली. "होऊ दे बाबा सावकाश," आजी म्हणाल्या, पण त्यांचा हात थरथरत होता. वीस मिनिटं मी त्यांना तसं बसवून ठेवलं होतं. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पुढच्या दोन घरी तेच. रस्त्याच्या कडेला गाडी लावून जमेल ते सगळं केलं. फ्लाइट मोड चालू-बंद, फोन रीस्टार्ट, डेटा सेव्हर बंद, नेटवर्क फाइव्हजीवरून फोरजीवर. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा कधी कधी आपोआप दुसऱ्या सिमवर जातो, तेही पाहिलं. प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे साइटचे पत्ते शोधायची सेटिंग, ऑटोमॅटिकवर आहे ना तेही बघून घ्या, तिथे कधीकाळी एखादं नाव टाकलेलं असेल तर नेट अडकू शकतं. यातलं काहीच लागू पडलं नाही. मग नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केल्या. त्याने फोटो किंवा नंबर जात नाहीत, पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. घरच्या वायफायचा पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवा.

मग मी सिम कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे तिच्या दुकानात गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही.

साडेअकराला टोकन घेतलं, नंबर आला एक वाजता. काउंटरवरच्या मुलाने फोन हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाला, "सिम जुनं झालंय सर, नवीन अपडेटला चालत नाही. बदलून घ्या." मी विचारलं, सिम खराब असेल तर कॉल कसे लागतात? तो म्हणाला, "कॉलचं वेगळं असतं." हे खरंच आहे. आता फोरजीवर कॉल आणि इंटरनेट दोन वेगळ्या वाटांनी जातात, त्यामुळे कॉल खणखणीत चालतो आणि नेट ठप्प असतं. त्याला एवढं ठाऊक होतं तर दोष सिमपेक्षा फोनच्या सेटिंगमध्ये असू शकतो, हेही त्याला सुचायला हवं होतं. माझं सिम काढून शेजारच्या काउंटरवरच्या फोनमध्ये टाकायला दोन मिनिटं लागली असती.

आधार दिलं, फोटो काढला, सही केली. साडेतीनला नवं सिम सुरू झालं आणि जुनं बाद. नेट नव्हतंच. म्हणे, "चार तास लागतात."

मी घरी आलो. संध्याकाळी नव्या सिमवर यूपीआय सुरू करायला गेलो तर पडताळणीचा एसएमएस जाईना. लॅबच्या ॲपने ओटीपी मागितला, तोही येईना. मग गॅलरीत फोन केला तेव्हा सांगितलं की सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. फसवणूक करणाऱ्याने दुसऱ्याच्या नावावर सिम काढलं तर त्याच्या हाती ओटीपी लागू नयेत म्हणून हा नियम आहे. नियम चांगला आहे, माझी त्याला हरकत नाही. पण सिम हातात देताना हे मला का सांगितलं नाही? सकाळपर्यंत माझ्याकडे फक्त नेट नव्हतं. आता नेट नाही, ओटीपी नाही, पैसे घेता येत नाहीत. रागाच्या भरात दुसऱ्या कंपनीत जायचं ठरवलं तर तेही शक्य नव्हतं, कारण १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही.

बुधवारी सकाळी लॅबने माझ्या व्हिजिट दुसऱ्या मुलाला दिल्या. मी पुन्हा त्याच गॅलरीत, पुन्हा टोकन. यावेळी काउंटरवर एक मुलगी होती. म्हणाली, "सिम तर नवीन आहे, म्हणजे फोनचाच प्रॉब्लेम." काल सिमचा होता, आज फोनचा झाला. फोनच्या सर्व्हिस सेंटरला गेलो तर ते म्हणाले, फॅक्टरी रीसेट करावा लागेल, सगळं उडेल. मी नाही म्हणालो. तुम्हीही पहिल्या दिवशी हो म्हणू नका.

तिथेच बाहेर उभं राहून १९८ वर, म्हणजे सिम कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर, तक्रार केली. त्या कॉलला पैसे पडत नाहीत. तक्रारीचा डॉकेट नंबर एसएमएसने येतो, आणि माझे एसएमएस बंद. म्हणून फोनवरच अंक विचारून हातमोज्यांच्या खोक्यावर पेनने लिहून घेतले. सिम नुकतं बदललं असेल तर नंबर तोंडी मागून घ्याच, नाहीतर तक्रार केल्याचा पुरावा उरत नाही.

एम. जी. रोडवर मोबाईलच्या गल्लीत एक छोटं दुकान आहे, तिथे मी स्क्रीन गार्ड लावून घेतो. सहज म्हणून त्या दादांना सांगितलं. त्यांनी आधी स्वतःच्या फोनमधलं सिम काढून माझं घातलं. नेट सुरू. म्हणजे सिम आणि कंपनी दोन्ही ठीक. मग माझ्या फोनमध्ये सेटिंग्ज, मोबाईल नेटवर्क, ॲक्सेस पॉइंट नेम्स. ते पान अख्खं कोरं होतं! फोनने इंटरनेटसाठी कोणत्या दाराने बाहेर पडायचं ते या पानावर लिहिलेलं असतं, आणि अपडेटमध्ये ते पुसलं गेलं होतं.

वरचे तीन ठिपके दाबून 'रीसेट टू डिफॉल्ट' केलं. बहुतेकांचं काम इथेच होतं, माझं झालं नाही. मग दादांनी काउंटरच्या काचेखालची चिठ्ठी दाखवली. सेलोटेपने चिकटवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या, त्यावर प्रत्येक कंपनीसाठी या पानावर टाकायचं नाव निळ्या पेनने. जिओचं जिओनेट, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट, तशी बाकीची. माझ्या कंपनीसाठीचं चिठ्ठीतलं नाव त्यांनी अधिकाच्या खुणेवर जाऊन इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप केलं, प्रोटोकॉलमध्ये आयपीव्ही४/आयपीव्ही६ निवडलं, ठिपके दाबून सेव्ह केलं. त्या नावासमोरचा गोल निवडावा लागतो, हे विसरू नका. फ्लाइट मोड एकदा चालू करून बंद केला आणि फोन खिशात घालायच्या आत थरथरायला लागला. लॅबचे मेसेज, बायकोचे मेसेज, सगळे एकदम. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

दादांनी पन्नास रुपये घेतले. शंभर मागितले असते तरी दिले असते.

एक राहिलं. कधी कधी कंपनीकडूनच तुमची डेटा सेवा बंद झालेली असते. तेव्हा १९२५ वर इंग्रजीत स्टार्ट असं लिहून एसएमएस करायचा, सेवा सुरू होते. अर्थात तुमचे एसएमएस चालू असतील तर.

गुरुवारी कंपनीचा मेसेज आला, 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवली आहे.' त्यांनी काहीही सोडवलेलं नाही. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही. मी डॉकेट नंबर घालून अपील केलंय. मागणी एकच लिहिली आहे, की ग्राहकाचं सिम बदलण्याआधी ते गॅलरीतल्या दुसऱ्या फोनमध्ये टाकून बघा आणि २४ तासांचं त्याला सही घ्यायच्या आधी सांगा.