बॉनेटला डोळे आले

मंडळी, बाबांच्या वेळच्या पद्मिनीचं रंगकाम चालू आहे, आणि मागच्या खेपेला ‘येत्या रविवारी बॉनेट मारलं की रंगकाम संपलं’ असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. त्याला पाच आठवडे झाले. बॉनेट तीनदा मारलं आणि तिन्ही वेळा त्याला डोळे आले. पावसाळ्यात ठाण्यात माणसांचे येतात, तसे.

रंगातले हे डोळे, म्हणजे फिशआय, ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: स्प्रे गन फिरून गेली की आठ-दहा सेकंद पत्रा काचेसारखा दिसतो. मग ओल्या क्रीम रंगात एक टिंब फाकतं. ज्वारीच्या दाण्याएवढं, मधे खालच्या सरफेसरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) करडा ठिपका आणि भोवती रंगाची गोल कड. शेजारी दुसरं, तिसरं. पहिल्या वेळी मी एकतीस मोजले आणि मोजणं सोडलं. बहुतेक उजव्या अंगाला होते. हे ‘उजवं अंग’ लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे बाकीची गाडी स्वच्छ. छत, चारही दरवाजे, फेंडर, डिकी, सगळ्यांना तोच रंग, रंग कडक करणारा तोच हार्डनर, दोन्हींचं २:१ चं तेच माप, १.४ नोझलची तीच गन. डिकीत तर वागळे इस्टेटमधल्या पेंटरमामांच्या शेडमधली ट्यूबलाइट सरळ रेघेत दिसते.

पहिला संशय कॉम्प्रेसरवर. हवेच्या लाइनमधून तेल आलं की फिशआय येतात, हे शेंबडं पोरही सांगेल. टाकीचा ड्रेन सोडला तर चहाच्या रंगाचं पाणी, चांगलं अर्धा पेला. मी विजयी चेहऱ्याने हवेतलं पाणी अडवणारा नवा वॉटर ट्रॅप आणून बसवला. पांढऱ्या कागदावर मिनिटभर हवा मारली, कागद कोरा. पुन्हा बॉनेट मारलं. पुन्हा डोळे.

दुसरा संशय पावसावर. पीयूच्या, म्हणजे आमच्या पॉलीयुरेथेन रंगाच्या, हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी जुळलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात. म्हणून १५ ऑगस्टच्या सुट्टीचा मुहूर्त धरला, सुदैवाने उघडीप मिळाली, बूथ आधी तापवून कोरडा केला. पुन्हा डोळे. शांतपणे भिंग लावून पाहिलं तेव्हा कळलं की मी मुळातच चुकीच्या आजारावर औषध देत होतो. बुडबुडा फुटला की टाचणीएवढं भोक पडतं. इथे रंग मागे सरकत होता, जणू त्याला त्या जागेची किळस यावी. म्हणजे पत्र्यावर सिलिकॉन. पण आलं कुठून?

पेंटरमामांचं मत सोपं होतं: रंगात फिशआयचे थेंब टाका आणि मोकळे व्हा. ते थेंबही सिलिकॉनचेच. सगळा रंगच तेवढा निसरडा केला की तो डागावरून मागे हटत नाही. “काट्याने काटा काढायचा,” मामा म्हणाले. माझा विरोध होता आणि आहे. एका थरात टाकले की पुढच्या थरातही टाकावे लागतात, गन बरबटते, आणि मामांच्या शेडमध्ये त्याच गनने उद्या दुसऱ्याची गाडी मारायची असते. यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

मग टपरीवर वहीत तारखा मांडल्या. डिकी मंगळवारी. दरवाजे गुरुवारी. छत शुक्रवारी. बॉनेट रविवार, रविवार, आणि १५ ऑगस्ट. मामांच्या हाताखालच्या पोऱ्याला विचारलं, “सुट्टीच्या दिवशी इथे वेगळं काय असतं रे?”

“तुम्ही असता,” तो म्हणाला.

आणि मला माझा पिवळा मायक्रोफायबर आठवला. मामा गन भरेपर्यंत बॉनेटवरून शेवटचा हात मीच मारायचो. मदत म्हणून! उजव्या बाजूला उभा राहून. हाच कपडा दोन वर्षांपूर्वी रोजच्या गाडीच्या डॅशबोर्डला पॉलिश चोळायला वापरला होता. त्यानंतर मशीनमध्ये चार-पाचदा धुतलाय, वासही नाही. पण पॉलिशमधलं सिलिकॉन धुण्याच्या पावडरीला दाद देत नाही.

खात्री करायची म्हणून भंगारातला एक फेंडर घासला, मधोमध मास्किंग टेप लावली. डावीकडे मामांचं सुती कापड फिरवलं, उजवीकडे माझं रत्न. आधी नुसतं पाणी ओतलं. डावीकडे पाणी चादरीसारखं पसरून राहिलं, उजवीकडे तुटून त्याची बेटं झाली. वाळवून रंग मारला. दहा म्हणेपर्यंत उजवीकडे सतरा डोळे, डावीकडे एकही नाही. मामा काही बोलले नाहीत. चहा घेत माझ्याकडे बघत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता बॉनेट पुन्हा सरफेसरपर्यंत उतरवलंय. क्रम महत्त्वाचा: आधी तेलकटपणा काढणारं डिग्रीझर, मग घासायला ४०० चा पेपर, मग पुन्हा डिग्रीझर. आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत बसतं. एका कापडाने ओलं करायचं, सुकायच्या आत दुसऱ्या कोऱ्या कापडाने उचलून घ्यायचं. दोन्ही कापडं लगेच फेकायची. घरची वॉशिंग मशीनही आता संशयित आहे, पण ते घरात अजून सांगितलेलं नाही.

पाच आठवडे अगदीच वाया गेले नाहीत. ड्रायव्हरचा दरवाजा एका बोटाने लागतो, ‘टक्’ असा. पद्मिनीवाल्यांना याची किंमत कळेल. मी शनिवारी तो वीसेक वेळा लावून पाहिला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून साइड बीडिंग (बाजूची पट्टी) मिळालं, क्लिपा मात्र दोन तुकड्यांना बसत नाहीत. रंगाचा पहिला लिटर ज्या दुकानातून आणला तिथे शेड ट्यूबलाइटखाली जुळवली होती, उन्हात पिवळी दिसली. दुसऱ्या दुकानदाराने डिकीच्या रबराखालचा १९८९ चा मूळ रंग फुटपाथवर उन्हात धरून जुळवला. तो तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवणार आहे, बाबांच्या वेळचा आहे तो. आणि पीयू मारताना मामा नाकाला रुमाल बांधतात, हे मला बघवत नाही. मी आणलेला कार्ट्रिजचा मास्क खिळ्याला टांगलाय. भांडण चालू आहे.

बॉनेटची आतली बाजू जुन्या रंगात ठेवायची असं मागे ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी तीच मारून घ्यावी. नव्या कापडांची चाचणीही होईल, आणि आत चार डोळे आले तरी बघतो कोण? मामांना आत्ताच फोन केला. ते म्हणाले, सोमवारी आतून, मंगळवारी बाहेरून, आणि दोन्ही दिवस तुम्ही ऑफिसला जा.

जातोय. पोऱ्या मंगळवारी अकराला व्हिडिओ कॉल लावणार आहे.