चिठ्ठ्यांचा डबा

आमच्या तालुक्याच्या गावात दर ३ जानेवारीला संध्याकाळी एक पत्र्याचा डबा बाहेर निघायचा. झाकणाला छिन्नीनं पाडलेली चीर आणि बाजूला पुसट झालेलं बिस्किटांचं चित्र. व्याख्यानमाला सुरू झाली याची खूण तीच. सावित्रीबाईंच्या जयंतीपासून ओळीनं चार संध्याकाळी राजकारण, अर्थकारण, समाज आणि संस्कृती. हा क्रम कधी बदलला नाही. ‘समाजाचा नंबर तिसरा का?’ असं एकदा चिठ्ठीतून आलं, तर अध्यक्ष म्हणाले, ‘तिसऱ्या दिवशी गर्दी बरी असते.’

व्याख्यानं ऐकायची सवय महाराष्ट्राला जुनीच. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. आमची माला तिच्या पणतीच्या वयाची आणि खिशानं फाटकी. शाळेचा हॉल, सतरंज्या, मध्येच शिट्टी मारणारा माईक. वक्ते एसटीनं येत, कुणाच्या तरी घरी उतरत. मानधन म्हणजे प्रवासखर्च आणि एक पुस्तक. त्यांना एवढंच बजावलेलं असे की बोलायला एक तास, प्रश्न संपेपर्यंत उठायचं नाही. प्रश्न चिठ्ठीवर, खाली नाव घालायचं नाही.

डबा फिरवायचं काम मी नववीत असल्यापासून माझ्याकडे. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं फाडायची, पेन्सिलींचे तुकडे वाटायचे, आणि बायकांच्या बाजूला दोनदा जायचं. तिकडे पहिल्या फेरीला कुणी हात पुढे करत नसे. चिठ्ठ्या अध्यक्षांपुढे लावून ठेवता ठेवता मला गावाची अक्षरं ओळखू यायला लागली. कुणाला सांगायची नाहीत, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी पाळलं.

१९९४ चं अर्थकारण पक्कं लक्षात आहे. गॅट, म्हणजे जागतिक व्यापार खुला करण्याच्या करारावरच्या वाटाघाटी, नुकत्याच आटोपल्या होत्या आणि जो तो त्या कराराच्या मसुद्यावर, डंकेल प्रस्तावावर, बोलत होता. आमचे वक्ते कडक विरोधातले. बियाणं कंपन्यांच्या हाती जाईल, रेशन मोडेल, अशी मांडणी. टाळ्या चांगल्या पडल्या. तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकलेला एक शेतकरी उठला. छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. मी चिठ्ठी पुढे केली तर म्हणाला, ‘पोरी, माझं चिठ्ठीत मावत नाही.’ आमचा कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर नेला तर गाडी अडवणार, आणि वर सबसिडी दिल्याचं ऐकवणार. ती सबसिडी उणे आहे, भाव पाडून आमच्याकडूनच काढून घेतलेली, असं त्याचं म्हणणं. कापूस एकाधिकार योजना सगळ्यांच्या घरातली गोष्ट, त्यामुळे हॉल एकदम जागा झाला. वक्ते म्हणाले, दरवाजा उघडला की आत कोण येतं तेही बघावं लागेल. तो म्हणाला, आधी मला बाहेर तर पडू द्या. शिपायानं किल्ल्या वाजवल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. शेवटची एसटी केव्हाच गेलेली. वक्त्यांना मुक्कामाच्या घरी सोडलं ते त्या बिल्लेवाल्यानंच, आपल्या राजदूतवर. पुढची निदान तीन वर्षं तो अर्थकारणाच्या दिवशी न चुकता यायचा आणि भिंत सोडून पहिल्या रांगेत बसायचा.

दुसऱ्या एका वर्षी विषय होता रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळातून आलेली योजना, १९७७ चा कायदा, हे आम्हाला पाठ्यपुस्तकातलं ठाऊक होतं. वक्त्यांनी फळ्यावर वेगळंच काढून दाखवलं. शहरातल्या पगारदाराचा व्यवसाय कर कापला जातो, सरकार त्यात आपली भर घालतं, आणि त्या पैशातून गावाकडच्या कामाची मजुरी निघते. माझ्या बाबांच्या पगारपत्रकात ती कपात दर महिन्याला असायची आणि ते दर महिन्याला करवादायचे. त्या दिवशी गप्प बसले. बोलली ती एक म्हातारी. खडी फोडलेले हात तिनं वर करून दाखवले आणि विचारलं, ‘मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम न्हाई दिलं तर भत्ता, असं तुम्ही आत्ता म्हणला. तो भत्ता कुणाला मिळालेला पाहिलाय का कुणी?’ वक्ते प्रामाणिक होते. म्हणाले, ‘मी नाही पाहिला.’

तिसरा दिवस माझा लाडका. एकदा र. धों. कर्व्यांवर व्याख्यान ठेवलं. संततिनियमन आणि लैंगिक विषयांवर उघड लिहिणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवणारा, त्यापायी खटले अंगावर घेणारा माणूस. हॉलमध्ये लोक एकमेकांकडे बघेनात, खोकल्याची साथ आल्यासारखी. आणि डबा मात्र कधी नव्हे इतका भरला! दाबून झाकण लावावं लागलं. अध्यक्षांनी घाम पुसत पुसत एकेक चिठ्ठी वाचली, एकही गाळली नाही. यासाठी मी त्यांना बाकीचं बरंच काही माफ करते.

बाकीचं म्हणजे चहा. स्त्रीमुक्तीवर तासभर बोलणं चालू असताना मागच्या वर्गात स्टोव्हवर चहा उकळत असे आणि तो उकळणाऱ्या सगळ्या बायका असत, सभासदांच्याच. एका वर्षी चिठ्ठी निघाली: ‘आजचं व्याख्यान ज्यांना ऐकता आलं नाही त्या कुठे आहेत? गूळ घातलेला चहा कसा झालाय तेवढं कळवावं.’ हशा झाला, मग हळूहळू विरला. ‘गूळ’मधल्या ळची शेपटी बाहेर काढून वर वळवलेली. वाण्याच्या यादीत आई तसाच काढायची. पुढच्या वर्षापासून चहा पुरुषांकडे गेला. दोन वर्षं तो पिववत नव्हता, तरी आम्ही पीत राहिलो.

संस्कृतीचा दिवस बहुतेकदा फसायचा. सत्यशोधकी जलशांवर, म्हणजे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीच्या गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमांवर, बोलायला आलेले गृहस्थ तमाशाच्या घाटातून विचार कसा पोचवला हे सांगत होते, तेही कागदावरून, मान वर न करता. ढोलकी आणली असती तर बरं झालं असतं.

पण एक चिठ्ठी होती, जी विषय कुठलाही असो, चौथ्या दिवशी यायचीच. गावातल्या सगळ्या जातींना पाणवठा एकच हवा म्हणून बाबा आढावांनी १९७२ च्या सुमारास ‘एक गाव एक पाणवठा’ हे आंदोलन सुरू केलं, त्याची झळ आमच्याकडेही पोचली होती. चिठ्ठीत दरवर्षी तेच, बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात: ‘पाणवठा एक झाला. स्मशान कधी एक होणार?’ वक्त्यांची उत्तरं तऱ्हेतऱ्हेची. कुणी घटनेकडे वळायचं, कुणी महाडच्या तळ्याकडे, एकानं ‘शिक्षणानं’ एवढं म्हणून पाणी प्यायलं. अध्यक्ष ती चिठ्ठी नेहमी शेवटी वाचत. गावातली इतकी अक्षरं मी ओळखत होते, हे मात्र कधीच सापडलं नाही. सतरंजीवर पेन्सिल चालवणारे हात बघत मी मुद्दाम सावकाश फिरायची, तरीही नाही.

२००३ साली चौथ्या दिवशी दोन फेऱ्या मारून मी डबा खिडकीत नेला आणि चिठ्ठ्या चाळल्या. त्यात ती नव्हती. पुन्हा बघितलं. तिकडे अध्यक्ष हात पुढे करून थांबलेले. गावात स्मशानं तेव्हाही दोनच होती. मी उत्तरपत्रिकेचा एक कोरा तुकडा फाडला, अक्षर जमेल तेवढं उजवीकडे कललेलं काढलं आणि चिठ्ठी सगळ्यांत खाली सरकवली.